मदत हवी आहे: बिलावरचं नाव बदलायच्या आधी पीटी-३ (स्वतः राहत असलेल्या घराच्या ४० टक्के सवलतीचा फॉर्म) भरता येतो का? (पुणे, मिळकतकर)

आमच्या आमदारांच्या ऑफिसचं मतदारसंघात वाटायचं कामाचं पत्रक मी लिहितेय, त्यात मिळकतकरावर अर्धं पान घ्यायचंच आहे कारण ऑफिसात येणारे बरेच जण हातात बिल घेऊन हेच विचारतात, ताई यात ४० टक्के सवलत का धरली नाही?

लिहून झालंय ते असं, कर लावणं आणि वसूल करणं महापालिकेचं काम, पण स्वतः राहत असलेल्या घराची सवलत परत सुरू व्हायला २०२३ मध्ये राज्य सरकारचा निर्णय लागला म्हणून हा आमदाराच्या कामाचा भाग आहे. ज्यांची सवलत निघाली होती त्यांनी पीटी-३ फॉर्म भरायचा, सोबत तिथं स्वतः राहत असल्याचा पुरावा.

अडलंय इथं: फ्लॅट आईच्या नावावर, आई गेल्या, मुलगा तिथंच राहतो पण बिलावर अजून आईचंच नाव. शासन निर्णय आणि फॉर्मवरच्या सूचना वाचल्या, या केसबद्दल सरळ वाक्य मिळालं नाही. ऐकीव माहिती छापायची नाहीये, चुकीचं गेलं तर म्हाताऱ्या माणसांना फुकटचे हेलपाटे. भाडेकरू नाही, वारसांत वाद नाही, थकबाकी नाही, असं धरा.

ज्यांनी असा अर्ज स्वतः केलाय त्यांनीच प्लीज सांगा, आधी नाव बदलून घ्यावं लागलं की दोन्ही अर्ज एकदम घेतले, आणि आईच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत मुलाचे कुठले कागद चालले?