जिवंत पेशीवरची प्रथिनं सुईनं चाचपून कळतात का? माझं म्हणणं, कळतात

मच्छेचा मास्तर:
रविवारी बेळगावच्या टिळकवाडीत आम्हा विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत एकानं ठासून सांगितलं, एएफएम म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शी धातूला आणि सिलिकॉनला ठीक, जिवंत पेशीवर तो चालवणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं. मला हे पटलेलं नाही. तिथं वेळ नव्हता, म्हणून इथं मांडतो.

बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ साली हे उपकरण जगापुढं आणलं. एका बाजूनं धरलेली केसाहून पातळ पट्टी, तिच्या टोकाला सुई, सुईचं अग्र काही नॅनोमीटरचं. पट्टीच्या पाठीवर लेझर पडतो. पट्टी जराशी वाकली की परावर्तित ठिपका सरकतो आणि वाक मोजला जातो. सुई पृष्ठभागावर फिरवत गेलं की या वाकावरून त्याचं चित्र उभं राहतं, आणि सुईवरचं बळही कळतं. पेशी निर्वातात ठेवावी लागत नाही, तिला धातूचा मुलामा द्यावा लागत नाही. खारट द्रावणात, ३७ अंशांवर, ती जिवंत असतानाच काम होतं.

पण मला चित्रापेक्षा बळाचं मोल जास्त वाटतं. सुईच्या टोकाला एका लवचीक रेणूधाग्यानं हवं ते प्रथिन बांधायचं, पेशीला टेकवायचं आणि हळूच वर उचलायचं. पेशीवर त्याचा जोडीदार भेटला असेल तर पट्टी खाली ओढली जाते, आणि एका क्षणी बंध तुटून सुटते. १९९४ साली म्युनिकमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला घट्ट धरणारं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन यांची जोडी अशी तोडली तेव्हा साधारण १६० पिकोन्यूटन बळ लागलं. खसखशीचा दाणा ०.३ मिलिग्रॅमचा धरला तर त्याचं वजन ३० लाख पिकोन्यूटनच्या आसपास येतं. म्हणजे किती नाजूक ओढ मोजतोय बघा. २०२० साली बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठातल्या गटानं कोरोनाच्या काटेरी प्रथिनाची आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला बसणारी पकड याच रीतीनं मोजली, तीही जिवंत पेशींवर. याला पाण्यावरची रेघ म्हणायचं?

शहापूरची पॅथॉलॉजिस्ट:
सर, तुमच्याविषयी आदर आहे, पण बैठकीत बोलणारे अगदीच चुकीचं बोलले नाहीत. पेशीचा पृष्ठभाग म्हणजे गुळगुळीत फरशी नव्हे. त्यावर साखरेच्या साखळ्यांचं दाट रान असतं, प्रथिनं त्यात बुडालेली. सुई आधी त्या रानात शिरते. ती अडकली कशात, प्रथिनात, साखरेत की पडद्याच्या घडीत, हे सुईला कळत नाही. शिवाय साध्या एएफएमला एक चित्र काढायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात प्रथिन पडद्यावर कुठच्या कुठं सरकलेलं असतं. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडं वापरा, प्रथिन नावानिशी ओळखता येतं. त्या दिशेच्या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही.

उद्यमबागचा टर्नर:
सर, मी बायोलॉजी शिकलेला न्हाई, पण सुई फिरवून पृष्ठभाग मोजणं हे आमचं रोजचं काम हाय. रफनेस टेस्टरच्या सुईचं टोक दोन नाहीतर पाच मायक्रॉनचं. स्टीलच्या शाफ्टवर ती खरं सांगते. पण हायड्रॉलिक सिलिंडरच्या रबरी सीलवर तीच सुई फिरवली की आकडा खोटा येतो. सुई रबरात दबते, आणि आपल्याला वाटतंय खड्डा आधीपासूनच होता. मॅडमचं म्हणणं मला याच कारणानं पटतंय. पेशी रबरापेक्षा कडक न्हाई ना?

मच्छेचा मास्तर:
दादा, तुम्ही नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलंत. पेशी तुमच्या सीलपेक्षा साधारण हजार पट मऊ. सुई तिच्यात शंभर-दोनशे नॅनोमीटर सहज रुतते, आणि प्रथिनाची उंची पाच-दहा नॅनोमीटर. म्हणून जिवंत पेशीवर एकेका प्रथिनाचं सुबक चित्र मिळेल असं मी म्हणतच नाही. जपानमधल्या कानाझावाच्या आंडो यांच्या गटानं २०१० साली मायोसिन या प्रथिनाला पावलं टाकताना दाखवलं, पण ते शुद्ध केलेलं प्रथिन होतं, पेशीवरचं नव्हे. चित्राचा मुद्दा मी सोडला.

बळाचा मात्र सोडत नाही. मॅडम, सुई कशात अडकली हे तपासायची रीत आहे. सुईवर बांधलेलं तेच प्रथिन द्रावणात मोकळं सोडायचं. पेशीवरच्या जागा त्यानं भरल्या की खऱ्या पकडीची संख्या घसरते, खोटी अडकण तशीच राहते. ते प्रथिन नसलेल्या पेशी घेऊनही ताडून बघतात. चमकणारी प्रतिपिंडं प्रथिन कुठं आहे ते सांगतात. ते किती घट्ट धरतं ते नाही सांगत.

खानापूरची एमएस्सी:
सर, एक भर घालते. १६० हा आकडा त्या जोडीचा कायमचा गुण नाही. सुई वेगानं ओढली तर जास्त बळ लागतं, सावकाश ओढली तर कमी, कारण उष्णतेच्या धक्क्यांना बंध सोडवायला वेळ मिळतो. वेगवेगळ्या वेगांनी शेकडो वेळा ओढल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि दुसरी सोयच नाही असंही नाही, प्रकाशाच्या झोतात बारीक मणी धरून ओढणारा लेझरचा चिमटा शंभरेक पिकोन्यूटनपर्यंत मोजतो, तोही न टोचता.

शहापूरची पॅथॉलॉजिस्ट:
हे मला महत्त्वाचं वाटतं. मोकळं प्रथिन सोडून केलेली तपासणी मी मान्य करते. ती न करता छापलेला आकडा मी मानणार नाही, मग उपकरण कितीही महागडं असो. माझा एक पेच उरतोच. सुई रुतली की पेशी आतून प्रतिसाद देते, तिचा सांगाडा ताणला जातो, प्रथिनं गोळा होतात किंवा आत ओढली जातात. मग आपण मोजतो ते निवांत पेशीचं प्रथिन की डिवचलेल्या पेशीचं?

मच्छेचा मास्तर:
डिवचलेल्या पेशीचं, हे कबूल. पण रक्तवाहिनीत पेशीला निवांतपणा असतो कुठं? मलेरियाची लागण झालेली तांबडी पेशी वाहत्या रक्ताचा मारा सोसत वाहिनीच्या भिंतीला धरून बसते. तिच्या अंगावर उठलेल्या गाठी याच सुईनं दिसल्या आहेत. त्या गाठींवरचं प्रथिन भिंतीला किती बळानं चिकटतं, हे मला ओढ सोसणाऱ्या पेशीवरच मोजलेलं हवं आहे.

उद्यमबागचा टर्नर:
मग सर, सुई किती दाबली तेही आकड्याशेजारी लिहायला पाहिजे. आमच्या रिपोर्टात टोक आणि दाब दोन्ही लिहिल्याशिवाय पार्टी माल घेत न्हाई.