पुण्यातून खान्देशात कायमचं जायचंय, उन्हाळ्याचं खरं खरं सांगा

हडपसरची_सून:

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर दहा वर्षं पुण्यात. मिस्टर खान्देशातले, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्यांचे निम्मे भाऊबंद इथेच असतील, जळगाव जिल्ह्यातलं तापीच्या अलीकडचं तालुक्याचं गाव समजा. सासरे मागच्या वर्षी गेले, सासूबाई एकट्या आहेत आणि पुण्याला यायला तयार नाहीत, आल्या तरी चौथ्या दिवशी पिशवी भरायला घेतात. माझं टेस्टिंगचं काम पूर्ण घरून, मिस्टरांना महिन्यातून चार दिवस ऑफिस, मुलगा तिसरीत. म्हणजे कागदावर सगळं जुळतंय.

अडतंय ते उन्हाळ्यावर. मी तिकडे दिवाळीला गेलेय, लग्नांना गेलेय, श्रावणात कानबाईच्या सणाला तर दरवर्षी जाते, पण ऐन उन्हात एकदाच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दुपारी अडीचला रिक्षातून उतरले, दोन पावलं टाकली आणि चप्पल डांबराला चिकटून मागेच राहिली, मी अनवाणी पुढे, ते तीन-चार सेकंद मी अजून विसरलेली नाही. मैत्रीण म्हणते तू सरळ वाळवंटात चाललीयेस. मिस्टरांना विचारलं की एकच उत्तर, "होते सवय", आणि परत मोबाईलमध्ये डोकं.

तर कूलर पुरतो का एसी लागतोच? लाईट किती जाते? नळ किती दिवसांनी येतो या प्रश्नाला आमच्या घरातले तीन जण तीन उत्तरं देतात. शाळेचं काय? आणि सासूबाई घरात अहिराणी बोलतात, मला कळते पण बोलायला जीभ वळत नाही, मुलगा मात्र दोन दिवसांत "काय करी ऱ्हायनी" सुरू करतो. पुण्यातला फ्लॅट विकावा का भाड्याने द्यावा हेही सांगा. गोड गोड नको.

भुसावळ_जंक्शन:

वहिनी (मिस्टर आमच्याकडचे म्हणजे वहिनीच), वाळवंट म्हणणाऱ्या मैत्रिणीला एकदा रावेर-यावलला आणा, काळीभोर जमीन आणि नजर जाईल तिथपर्यंत केळी. पण ऊन आहे, ते नाकारत नाही. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आणि आम्ही दोनशेच्या आसपास, वरून सातपुडा, खालून अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं, म्हणजे परातच. मे महिन्यात ४४-४५ ही बातमी नसते आमच्याकडे, ४६ झालं की मग लोक एकमेकांना फोटो पाठवतात. मार्चच्या शेवटी सुरू होतं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. बाकी थंडीत या, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी खा, मग बोलू.

मूळची_ठाण्याची:

ताई, मी सहा वर्षांपूर्वी ठाण्याहून आले, तुमच्यासारखीच, रडत. भुसावळवाले भाऊ भरीतावर आले कारण सगळे खान्देशी पुरुष तिथेच येतात, ऊन कसं काढायचं हे घरातल्या बाया सांगतात.

पहिली गोष्ट घर. सासूबाईंचं जुनं धाब्याचं घर असेल तर सोनं आहे, पाडून स्लॅब टाकायचा विचार मिस्टरांच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, आत दुपारी पंखा पुरतो हे मी स्वतः बघितलंय, आमच्या चुलत सासऱ्यांचं अजून तसं आहे आणि मे महिन्यात आमचं अख्खं घर दुपारी तिकडे जाऊन पडतं. आम्ही मात्र हौसेने नवीन बांधलं, वरच्या मजल्यावर बेडरूम केली, मोठ्या काचेच्या खिडक्या पश्चिमेला, आणि ती खोली एप्रिल ते जून फक्त पापड वाळवायला उपयोगी पडते. स्लॅब असेलच तर पांढरा चुना मारा, हिरवी जाळी बांधा, झोपायचं खाली.

दुसरं, कूलर की एसी हा प्रश्नच चुकीचा आहे, दोन्ही लागतात पण वेगवेगळ्या महिन्यात. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की लोखंडी कूलर एसीच्या थोबाडीत मारतो, फक्त खिडकीत बसवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा, पुण्याची माणसं सगळं बंद करून कूलर लावतात आणि मग चिकचिक होते म्हणून रडतात. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर निकामी, गरम ओली हवा फेकतो, ते पंधरा-वीस दिवस खरे वाईट, तेव्हा एसी. आता कूलरला पाणी लागतं. आमचा सत्तर लिटरचा, मे मध्ये दिवसातून दोनदा भरतो, असे दोन कूलर, करा हिशोब. बोअरचं जड पाणी टाकलं तर गवताचे पॅड एका सीझनमध्ये क्षाराने दगड होतात.

म्हणून तिसरं पाणी. नळ कधी चार दिवसांनी, कधी सहा, कधी पाईपलाईन फुटली की आठ. घरातले तीन जण तीन उत्तरं देतात ते तिघंही खरं बोलतायत. इथे नळाचा दिवस हा सणासारखा असतो, त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, नळ रात्री दोनला आला तरी गल्ली उठते. जमिनीतली मोठी टाकी करून घ्या, आधी ती, मग मॉड्युलर किचन.

चौथं म्हणजे घड्याळ, आणि हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या वर्षी ठाण्याच्या वेळा घेऊन इथे जगायला गेले, अकराला भाजी आणायला, चारला बँकेत, आणि आठवड्यात आजारी पडले, उन्हाळी लागली, मुलीचा दोनदा घोळणा फुटला. इथे मे महिन्यात दिवस पहाटे पाचला सुरू होतो, अकराला मिटतो, संध्याकाळी साडेसहाला परत उघडतो आणि रात्री अकरापर्यंत बाजारात गोळेवाल्यापाशी गर्दी. मधले सात-साडेसात तास गाव नसतंच. तुम्हाला घरून काम आहे ना, मग साडेपाचला लॉगिन करा, अकरापर्यंत अर्धं काम संपतं. शाळा पण मार्चपासून सकाळच्या होतात.

नेटला फायबर आहे, चांगलं चालतं, पण गल्लीतली विजेची डीपी जळाली की नेटवाल्यांचा डबा पण बंद पडतो, तेव्हा राऊटर इन्व्हर्टरवर ठेवून काही होत नाही, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. अहिराणीची काळजी करू नका. चुकीची बोला, हसतील, आणि हसल्यावर तुम्ही त्यांच्या.

भुसावळ_जंक्शन:

ताई, एक मान्य, भरीत आम्ही फक्त खातो.

थारमधून_परत:

मी दोंडाईचाचा. वाळवंटाचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी खऱ्या वाळवंटात राहून आलोय, राजस्थानात फलोदीजवळ, भडलाच्या सोलर पार्कमध्ये दोन वर्षं काम केलं, २२४५ मेगावॅटचा आहे तो, प्लेटाच प्लेटा, डोळे दुखतात. फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री लागलं होतं, मी नंतर गेलो पण चहाच्या टपरीवर अजून तीच गोष्ट चालते, प्रत्येकाचं त्या दिवशी काहीतरी वितळलेलं असतं.

तिथे जायच्या आधी मलापण वाटलेलं की जळगाव-धुळ्याचा माणूस आहे, आपल्याला काय होतंय. दिवसा खरंच काही वाटलं नाही. फरक रात्री कळला. वाळू लवकर निवते, दहा वाजता अंगावर चादर घ्यावीशी वाटते, आणि आपल्याकडे काळी जमीन आणि सिमेंट बारा-एक वाजेपर्यंत गरम वाफ सोडत बसतात, गच्चीवर पाणी मारून गादी टाकली तरी पाठ भाजते. म्हणजे वहिनी, तुमची मैत्रीण चुकली ते असं, की रात्रीच्या बाबतीत वाळवंट बरं. धूळ मात्र तिथे, आंधी आली की डाळीत पण वाळू.

पण शिकलो ते पाण्याचं. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, आपल्याकडे साधारण सहाशे-सातशे. तिप्पट. आणि तरी त्यांच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, प्रत्येकाकडे टांका आहे, अंगणात खोल गोल हौद, भोवती उताराची जागा, तिला आगोर म्हणतात, तिथे कुणी चपला घालून पाय ठेवत नाही आणि टांक्याच्या झाकणाला चक्क कुलूप. आम्ही पहिल्या आठवड्यात त्या आगोरवर गाडी लावली होती, म्हातारीने जे काय सुनावलं ते मारवाडी असून पूर्ण समजलं. आपण मात्र पावसाळ्यात गच्चीचं पाणी गटारीत सोडतो आणि डिसेंबरपासून टँकरवाल्याचा नंबर शोधतो. साधा हिशोब, हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब आणि सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास हजार लिटरच्या वर. सगळं साठवता येत नाही हे मान्य, पण ठाण्याच्या ताई म्हणाल्या ती जमिनीतली टाकी कराल तेव्हा गच्चीचा पाईप तिच्यात सोडा, पहिले दोन पाऊस बाहेर जाऊ द्या, मधे एक गाळणी. घरी मी हेच केलं, अप्पा आधी हसले, आता पाहुण्यांना झाकण उघडून दाखवतात.

परत_पुण्यात:

सगळे छान छान लिहितायत म्हणून माझं कडू लिहितो. आम्ही चौदा महिने राहिलो आणि परत आलो, आणि ऊन हे कारण नव्हतं. ऊन कूलरने भागतं.

माणसांनी नाही भागत. दार नुसतं लोटलेलं असलं की माणूस "काय चालू शे?" करत थेट आत, तुम्ही मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू, मागून मामा पाणी पितायत. बायको दिवसभर लॅपटॉपवर म्हणजे ती "बसून असते" हे तिच्या तोंडावर तीन जणींनी सांगितलं. पगार किती, जमीन किती, दुसरं मूल कधी, हे प्रश्न पहिल्या भेटीतले. मी तिथेच वाढलो म्हणून मला ते प्रेम वाटायचं, तिला नाही वाटलं, आणि मी तिला "होते सवय" म्हणत राहिलो. तुमच्या मिस्टरांचं ते वाक्य वाचून खरं तर हे लिहायला घेतलं.

दुसरं म्हणजे डॉक्टर. साध्या तापाला गावात चांगले आहेत, पण मुलाला एका रात्री दम लागला आणि तासभर गाडी मारत जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला लागलं, तो तास मी विसरणार नाही. मुलाला किंवा सासूबाईंना काही जुनं दुखणं असेल तर आधी हे बघा.

फ्लॅट विकू नका. भाड्याने द्या, करार अकरा महिन्यांचाच. आमचा होता म्हणून परत यायला जागा होती.

मूळची_ठाण्याची:

भाऊंचं खरं आहे, पहिली दोन वर्षं मलापण असंच झालं. मी एक केलं, कामाची खोली माडीवर न ठेवता ओट्याकडची घेतली, खिडकीतून सगळ्यांना दिसेल अशी, कानाला हेडफोन. पंधरा दिवस येणारा-जाणारा बघत गेला, मग शेजारच्या मावशी स्वतःच लोकांना हटकायला लागल्या, "तिनी ड्युटी चालू शे". बंद दाराआडचं काम इथे काम वाटत नाही, दिसलं की वाटतं. आणि ताई, काही केलं तरी दिवाळीच्या अनुभवावर निर्णय घेऊ नका, दिवाळीत खान्देश काश्मीरच असतो.

हडपसरची_सून:

सगळ्यांचे खूप आभार. परत_पुण्यात यांची पोस्ट मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की लहानपणी मे महिन्यात तेच मामाकडे नाशिकला पळायचे. दहा वर्षांत ही माहिती पहिल्यांदा बाहेर आली.

तर आत्ता असं ठरलंय की मुलाची परीक्षा झाली की एप्रिलच्या शेवटी जायचं आणि जूनचा तो चिकचिकीचा काळ धरून पूर्ण अडीच महिने राहायचं, दोघांनी, काम घेऊन. मी एकटी पोराला घेऊन आणि ते वीकेंडला ट्रॅव्हल्सने, हे चालणार नाही असं सांगितलंय. शाळेचा दाखला जुलैपर्यंत काढायचा नाही, फ्लॅटला हात लावायचा नाही. घर धाब्याचंच आहे आणि हो, पाडायचा प्लॅन होता, इंजिनीअरकडून नकाशा पण आला होता, तो आता कपाटावर गेलाय. गच्चीच्या पाईपचं सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या धाब्याचं पाणी मातकट येतं, मागच्या पत्र्याच्या पडवीचं घ्या. बरोबर आहे ना हे थारवाले भाऊ?

फोनवर सांगितलं आम्ही उन्हाळाभर येतोय, तर मला वाटलं रडतील वगैरे. त्या म्हणाल्या, "ये वं माय, कुरडयास्ले हात लागतीन." आता मला सांगा, गहू किती दिवस भिजत घालतात?

थारमधून_परत:

पत्र्याचं बेस्ट. सासूबाईंना मान गये म्हणा.

मूळची_ठाण्याची:

तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. आणि नळाचा दिवस बघून घाला हो.