सदाफुलीचं औषध यीस्टकडून कशाला?

कोथरूडकर: आमच्या सोसायटीच्या कुंपणाला सदाफुली नुसती माजलीय, माळीकाका उपटून उपटून थकले. तिच्यातून कॅन्सरवरचं व्हिनब्लास्टिन काढतात ना? मग यीस्टमध्ये बनवायचा खटाटोप कशापायी?

पेट्रीडिश: कारण पानांत ते नावालाच असतं. ग्रॅमभरासाठी सुमारे 500 किलो वाळलेली पानं! तुमचं कुंपणच काय, अख्खा पौड रोड लावलात तरी भागणार नाही. 2022 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या गटाने तीसएक रासायनिक पायऱ्यांची साखळी पावाच्या यीस्टमध्ये बसवली. यीस्टने व्हिंडोलिन आणि कॅथरँथिन हे व्हिनब्लास्टिनचे दोन भाग दिले, जोडणी मात्र बाहेर, रसायनं वापरून. आणि उतारा किती, तर लिटरला जेमतेम मायक्रोग्रॅममध्ये.

कोथरूडकर: म्हणजे दिल्ली अजून दूरच.

पेट्रीडिश: उतारा वाढवता येतो हो. मलेरियाच्या औषधासाठी लागणारं आर्टेमिसिनिक आम्ल यीस्टमधून 2013 मध्येच लिटरला 25 ग्रॅमवर नेलं होतं. पण तेच औषध ज्या झाडापासून मिळतं, त्या शेतातल्या आर्टेमिसियाचा भाव पडला आणि यीस्टवाल्यांचं गणित फिसकटलं. मला तरी खरी अडचण तिथेच दिसते.

नळस्टॉप: कोथरूडकर, कुणी ‘शुगरवर चांगली’ म्हणून पानं चावायला सांगेल. ऐकू नका, विषारी असतात.