लॉजच्या नोंदवहीचा प्रकल्प आणि मालकाचा फोन

प्रश्न (मालवण): मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला लेखाशास्त्र शिकवते. हंगामात वर्गातील बरेच विद्यार्थी लॉज-हॉटेलांत कामाला असल्यामुळे "जिथे काम करता तिथलाच व्यवहार प्रकल्पात मांडा" असे मीच सुचवले होते. एकाने लॉजच्या नोंदवहीची छायाचित्रेच जोडली असून त्यांत एजंटांचे कमिशन आणि दोन पाहुण्यांची आधार कार्डेही आहेत. त्याच सुमारास मालकांनी फोन करून, हा मुलगा सोमवारी वर्गात होता का, असे विचारले. मी सहज "नव्हता" म्हणाले, आणि त्याचा त्या दिवसाचा पगार कापला गेला. माझे कुठे चुकले?

उत्तर (दापोली): दोन्हीकडे, असे मला स्पष्टपणे वाटते. विद्यार्थी सज्ञान आहे. त्याची हजेरी मालकाला कळवण्याचे बंधन आपल्यावर नव्हते, "त्यालाच विचारा" एवढे पुरले असते. पाहुण्यांनी आधार कार्ड खोली घेण्यासाठी दिले होते, प्रकल्पासाठी नव्हे; माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, हेच 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचे सूत्र आहे. ती छायाचित्रे पुसून टाकावीत, आणि आकडे वापरायचे असल्यास मालकांची लेखी परवानगी घ्यावी.

उत्तर (रत्नागिरी): आमच्याकडे बारावीची मुले असतात, त्यामुळे प्रश्न अधिक नाजूक होतो. 14 ते 18 वयाच्या मुलांना संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत कामाला लावता येत नाही, आणि दिवसाचे काम विश्रांती धरूनही 6 तासांपलीकडे जाता कामा नये, असे बाल व किशोर कामगार कायदा सांगतो. माझा एक विद्यार्थी हॉटेलात रात्री अकरापर्यंत भांडी घासून सकाळी पहिल्या बाकावर पेंगत असे. त्याने खोटी हजेरी मागितली, ती मी दिली नाही. मात्र चाचणी दुपारी ठेवली. हॉटेलची तक्रार केली असती तर घरातले पैसे थांबले असते, म्हणून आधी आईशी बोललो. कायद्याच्या दृष्टीने ते कमीच होते, हे मान्य आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. छायाचित्रे पुसली असून प्रकल्प काल्पनिक आकड्यांवर पुन्हा लिहायला सांगितला आहे. पगाराबद्दल मालकांशी बोलू का, असे त्याला विचारले, तर म्हणाला, "नको मॅडम, हंगाम सरू दे."