पुढच्या मागणीपत्रात पगारवाढ दुसऱ्या नंबरवर ठेवा

चाकणकर: भोसरी-चाकणच्या युनियननी पुढच्या करारात पहिली मागणी ही ठेवावी: विजेच्या गाड्यांच्या नव्या लाइनचं शिक्षण कामाच्या वेळेत, पूर्ण पगारी, आणि कंत्राटी पोरांसकट. विजेच्या गाडीला पिस्टन, इंजेक्टर, क्लच लागत नाहीत. गिअरही मोजकेच. आमच्या शॉपमधला हॉबिंगवाला, म्हणजे गिअरचे दाते कापणारा, नुसत्या आवाजावरून हॉबची (कापायच्या हत्याराची) धार गेली हे ओळखतो. पण विजेच्या गाडीतल्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी सप्लाय कसा तोडायचा, कुलूप कुठे लावायचं, हातमोजे कोणते, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

जुना सभासद: दादा, शिक्षणावर घराचा हप्ता फिटत नाही. टेल्कोचे (आताच्या टाटा मोटर्सचे) कामगार १९८९ मध्ये शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले, तशी ताकद आज एमआयडीसीत कुठल्या युनियनकडे आहे? आता संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळीकडे सक्तीची. जी थोडी ताकद उरलीय ती पगारावरच लावा. आणि कंत्राटी पोरं सभासदच नाहीत, त्यांच्यासाठी गेटवर बसणार कोण?

चाकणकर: काका, ते सभासद नाहीत म्हणूनच कामावरून आधी त्यांना काढतात. जुनी लाइन बंद झाली की पुढचा नंबर कायमवाल्यांचा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी नको. आधी केंद्राच्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. आपल्या पट्ट्यातले बहुतेक व्हेंडर, म्हणजे मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारे कारखाने, त्या ३०० च्या आतच येतात.

भोसरीचा व्हेंडर: शिकवायला माझी ना नाही. पण मोठी कंपनी मला पुढच्या वर्षीची ऑर्डरसुद्धा नीट सांगत नाही. कर्जाचं मशिन अजून फिटलेलं नाही. पेट्रोलच्या गाड्या काही उद्या बंद होत नाहीत, तोवर पोरांना लाइनवरून उठवून वर्गात बसवलं तर डिस्पॅच कोण काढणार?

जुना सभासद: आणि संहितेत कौशल्य निधी आहेच की. कपात झालेल्या माणसामागे मालकाने १५ दिवसांचा पगार त्यात भरायचा आहे.

चाकणकर: तो निधी माणूस गेटबाहेर गेल्यावरचा आहे. १५ दिवसांच्या पगारात चाळिशीतला ऑपरेटर काय शिकणार? व्हेंडरसाहेबांची अडचण खरी आहे, म्हणून शिक्षणाचा खर्च वरच्या कंपनीवर टाका. सुटे भाग तिच्याच गाडीला लागतात. तिथली युनियन मोठी आहे, तिने आपल्या करारात व्हेंडरच्या कामगारांचं कलम घालावं.

जुना सभासद: मोठी युनियन ते कलम घालणार असेल तर माझा विरोध नाही. पण आधी घालून दाखवू दे. तोवर माझं मत पगारालाच.