चर्चा: कमी गाड्यांचे रेल्वेमार्ग राखायचे की मोडायचे?

शाहूपुरीकर:
परवा एका बैठकीत एकानं मत मांडलं, ज्या लाइनवर दिवसाला दोन-चार गाड्या, ती पोसायची कशाला, त्या जागेत रस्ता करा. मला हे अजिबात पटलेलं नाही. बार्शी लाइट आठवा, मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही जुनी छोटी रेल्वे. 1897 ची, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर. तोट्यातली म्हणून तेव्हाच उखडली असती तर? तिचं रुंदीकरण झालं आणि एप्रिल 2016 मध्ये त्याच मार्गानं मिरजेचं पाणी लातूरला पोचलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (मालाचे डबे), पाच लाख लिटर. आजही मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे दौंडला गेलेल्या मालाला पुणे-मिरज लाइनवरचे शिंदवणे आणि आदर्की हे दोन्ही घाट चढावे लागत नाहीत. पुण्याच्या लाइनवर गर्दी झाली की हीच वाट उपयोगी पडते.

शिरोलीचा ट्रान्सपोर्टवाला:
पाण्याचं उदाहरण भावनेला धरून आहे. रोजच्या धंद्याचं बोला. मालगाडीला अख्खी रेक लागते, चाळीसेक वाघिणी, अडीच हजार टनांच्या घरात माल. लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीवाल्याकडं एका वेळी निघतो एक ट्रकभर. तो माल कोल्हापूरच्या गूळ मार्केट स्टेशनच्या मालधक्क्यावर न्या, उतरवा, वाघिणीत भरा, तिकडं पुन्हा तेच. हमाली दोनदा, आणि वाघीण वेळेत रिकामी झाली नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, वेगळं. ट्रक थेट दारात लागतो.

शाहूपुरीकर:
दादा, कास्टिंगचं तुमचं खरं आहे. पण साखर, खत, सिमेंट? एक रेक म्हणजे हायवेवरचे दीडशे ट्रक कमी. आणि रेल्वेची जागा एकदा गेली की परत मिळत नाही. कोल्हापूर-वैभववाडी या नव्या लाइनला 2016-17 च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली, आपण अजून वाट बघतोय.

रुकडीची:
2019 च्या पुरात शिरोलीला हायवे बंद आणि इकडं आमच्या रेल्वे पुलावर पंचगंगेचं पाणी, म्हणून रेल्वेही बंद. दोन्हीकडून अडकलो. घरात दूध नव्हतं, गॅस नव्हता. कोल्हापूर-मिरज एकेरी लाइन आहे, त्यात पुलाचा हा प्रश्न. पैसा आधी इथं लावा, दूरच्या रिकाम्या लाइनवर नंतर.

निवृत्त रेल्वेवाला, मिरज:
राखणं म्हणजे नुसतं न उखडणं नव्हे. रूळ तपासणारा गँगमन फिरला पाहिजे, रुळांखालच्या मोऱ्या साफ पाहिजेत, खडी भरली पाहिजे. गाड्या बंद झाल्या की गवत येतं, खडीत माती बसते, आणि दहा वर्षांनी नवी लाइन टाकण्याइतकाच खर्च येतो. म्हणून आठवड्याला एक तरी मालगाडी चालवा.

शिरोलीचा ट्रान्सपोर्टवाला:
त्या एका गाडीचा तोटा कोण भरणार, ते कुणीच बोलत नाही. धक्के आणि स्टेशनातल्या बाजूच्या लूप लाइनी राखा, तेवढं मला मान्य आहे. रिकाम्या मार्गाला माझा विरोधच.

शाहूपुरीकर:
धक्का राखला आणि त्याला जोडणारा मार्गच गेला, तर त्या धक्क्यावर माल येणार कुठून?