वसई किल्ला: आईसोबत एक दिवस, माहितगार माणूस हवा आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय ७२) वसईचा किल्ला दाखवायचा आहे. तिचं माहेर नाशिकचं. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला तिच्याकडे अजूनही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, आणि गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरातली ती घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली. सध्या आई माझ्याकडे भाईंदरला आहे. परवा म्हणाली, "घंटा जन्मभर बघितली, ती आली ते गाव तरी एकदा दाखव."

दोन वर्षांपूर्वी मी एका ग्रुपबरोबर गेलो होतो. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी पोर्तुगीजांविरुद्धची १७३९ ची लढाई दहा मिनिटांत सांगून उरकली, फोटो काढले आणि सगळे परत बसमध्ये. फार वाईट वाटलं. सुरुंग लावून बुरुज कसा पाडला, शरण आलेल्यांना किल्ला सोडायला मुदत कशी दिली, हे त्या जागी उभं राहून ऐकायचं असतं. शिवाय १५३४ पासून दोनशे वर्षं तटाच्या आत पोर्तुगीजांचं अख्खं शहर नांदत होतं, त्याबद्दल तर चकार शब्द नाही. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या फरशा आहेत. एका फरशीवरच्या कोरीव अक्षरांत पावसाचं पाणी साठलं होतं. मी हाताने पुसून वाचायला बघितलं, दोन-तीन अक्षरं लागली, पुढे काही कळेना. कोणाला विचारणार?

तर कोणी स्थानिक अभ्यासक किंवा शिक्षक ओळखीचे आहेत का, जे तीन-चार तास निवांत फिरवून मराठीत सांगतील? वसईतलेच असतील तर फारच छान. गोन्सालो गार्सिया इथले, १५९७ मध्ये नागासाकीला मारले गेले आणि पुढे संत झाले, एवढंच मला ठाऊक आहे. आईला असल्या गोष्टी ऐकायला फार आवडतात. मानधन अर्थातच देऊ. नंबर इथे न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दुसरं म्हणजे तिचे गुडघे दुखतात. किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना तिला जमणार नाही, ते सोडूनच देऊ. पण बंदराकडे जाणारा रस्ता किल्ल्यातूनच जातो, तेव्हा दिवसभरासाठी रिक्षा ठरवून थांबत थांबत बघता येईल का? आत टेकायला सावलीची जागा आणि बरं स्वच्छतागृह कुठे आहे? भाईंदरहून रो-रो बोटीने गेलो तर खाडीतून तट दिसेल, म्हणून माझा ओढा तिकडे आहे. तिथून चढ-उतार करणं वयस्कर माणसाला झेपतं का, की सरळ लोकलने वसई रोडला उतरू?

रविवारी लग्नाआधीच्या फोटोंची गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जायचा विचार आहे. वज्रेश्वरी त्याच दिवशी करावं असं भाऊ म्हणतो, वसई जिंकण्यासाठी चिमाजी अप्पांनी केलेला नवस तिथलाच ना. मला ते धावपळीचं वाटतंय. तुमच्यापैकी कोणी दोन्ही एका दिवसात केलंय का? आई दिवाळीपर्यंत इथे आहे.